कैलासाची दुसरी यात्रा

पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवराची वाट पुन्हा मोकळी झाली. लिपुलेखमार्गे पाच आणि नाथू लामार्गे दहा, अशा प्रत्येकी पन्नास यात्रेकरूंच्या पंधरा तुकड्यांचा कार्यक्रम परराष्ट्र मंत्रालयाने आखला आणि हजारो अर्जदारांतून साडेसातशे जणांची निवड संगणकीय सोडतीने झाली. या अर्जदारांत दरवेळी असाही एक वर्ग असतो, ज्याची ही यात्रा पूर्वी एकदा, क्वचित दोनदाही घडलेली असते. त्यांना विचारावे की, ‘पुन्हा कशासाठी?’, तर उत्तर ठरलेले असते : ‘कैलास बोलावतो.’

हे उत्तर खोटे नाही. पंढरीच्या वारकऱ्याला तरी कोण विचारतो की, गेल्या वर्षीचा विठोबा आणि यंदाचा विठोबा यांत फरक काय म्हणून? परंतु पंढरीची वाट सर्वांना खुली आहे. तेथे एकाच्या जाण्याने दुसऱ्याची जागा अडत नाही. कैलासाचे तसे नाही. साडेसातशेंतील एक जागा दुसऱ्यांदा घेणारा यात्रेकरू कुणाची तरी पहिली संधी घेत असतो. म्हणूनच त्याच्यावर एक ऋण असते. पहिली यात्रा दर्शनासाठी असते, हे मान्य. दुसरी यात्रा मात्र परिचयासाठी असली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे.

परिचय कुणाचा? तर त्या शिखराच्या भोवती पसरलेल्या पश्चिम तिबेटचा. तेथील गावांशी, मठांशी आणि माणसांशी भारताचा हजार वर्षांहून अधिक काळ अनुबंध होता. यात्रेच्या ठरीव कार्यक्रमात तो दिसत नाही. दारचेनहून निघायचे, तीन दिवसांत सुमारे बावन्न किलोमीटरची परिक्रमा उरकायची, पाच हजार सहाशे मीटरहून उंच असलेली डोल्मा ला ही खिंड धापा टाकत ओलांडायची, मानसरोवरात स्नान करायचे, जल भरून घ्यायचे आणि परतायचे. या घाईत ज्या स्थानांवरून आपण जवळून निघून जातो, त्यांतील काहींची ही ओळख आहे.

लिपुलेखमार्गे जाणाऱ्याचा तिबेटातील पहिला मुक्काम तकलाकोट. तेथून कर्नाली नदीच्या काठाने खाली गेले की खोचरनाथचा मठ लागतो. तेथील तीन मूर्तींना आपले यात्रेकरू राम, सीता आणि लक्ष्मण समजून नमस्कार करतात. वस्तुतः त्या मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी यांच्या मूर्ती होत. नमस्कार चुकीच्या ठिकाणी पोहोचतो असे मुळीच नाही. पण ज्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो, त्या घरच्या देवाचे नाव ठाऊक असणे ही साधी सभ्यता आहे. पहिल्या यात्रेत ती राहून गेली असेल, तर दुसऱ्या यात्रेत राहू नये.

तकलाकोटच्याच परिसरात तोयो नावाचे खेडे आहे. जम्मूच्या डोग्रा राज्याचा सेनानी झोरावरसिंग १८४१ साली लडाखमधून पूर्वेकडे निघाला आणि मानसरोवर मागे टाकून थेट या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. मग हिवाळा आला. गोठवणाऱ्या थंडीत सैनिकांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असे सांगतात. त्या वर्षीच्या डिसेंबरात तोयोजवळच्या लढाईत तो पडला. त्याची समाधी तेथे आहे, आणि ती बांधली ती त्याच्या शत्रूंनी! झोरावरसिंगाची स्वारी ही तीर्थयात्रा नव्हती, मुलूखगिरी होती. मठांनाही तिची झळ पोहोचली, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही परक्या सेनापतीच्या शौर्याची कदर करून त्याच्या अस्थींवर चोर्तेन उभारणाऱ्या तिबेटी मनाचे मोठेपण जितके स्मरावे, तितकेच त्या सेनानीचे धाडसही. आपल्यापैकी कितीजण त्या समाधीवर फूल ठेवून आले आहेत?

मानसरोवराचे चित्र आपल्या मनात एकट्या, निर्मनुष्य सरोवराचे असते. प्रत्यक्षात त्याच्या काठाने परंपरेने आठ गोम्पा होत्या. आठ आऱ्यांच्या धर्मचक्राप्रमाणे त्यांची रचना मानली जाई. सांस्कृतिक क्रांतीच्या तडाख्यानंतर काही पुन्हा उभारल्या गेल्या. वायव्येची च्यू गोम्पा यात्रेकरूंना परिचित असते, कारण गाडी तेथवर जाते. मानसरोवराला राक्षसतालाशी जोडणारी गंगा छू हीच. तिला कधी पाणी असते, कधी नसते. दक्षिण तीरावरची थुगोल्हो गोम्पा मात्र फारसे कुणी पाहत नाही. याच ठिकाणी स्वामी प्रणवानंदांनी तिबेटी हिवाळा काढला, सरोवर गोठताना आणि फुटताना पाहिले, नोंदी केल्या. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्नाली यांच्या उगमांचा त्यांनी पायी शोध घेतला. स्वेन हेडिनसारख्या नामवंत युरोपीय संशोधकाच्या निष्कर्षांनाही आव्हान देणारा हा भगव्या वस्त्रांतील भूगोलतज्ज्ञ आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे नव्हे, तर त्याचे काटेकोर निरीक्षणही साधनाच असू शकते, हा धडा थुगोल्होच्या काठावर बसून अधिक नीट समजेल.

दारचेनहून पश्चिमेस सतलजच्या काठी तीर्थपुरी आहे. गुरू पद्मसंभवांच्या वास्तव्याने पावन झालेले हे स्थान. जमिनीतून उकळते पाणी उसळते आणि पांढऱ्या मातीचा ढीग दिसतो. आपल्या परंपरेत ती भस्मासुराची राख. तिबेटी यात्रेकरू कैलासाची परिक्रमा झाली की येथे येतात. येथे आल्यावाचून यात्रा पुरी झाली असे त्यांना वाटत नाही. आपण मात्र बहुधा दारचेनहूनच माघारी वळतो.

याच बाजूला मिनसर नावाची वस्ती आहे. पाहण्याजोगे मंदिर वा महाल तेथे नाही. तरीही दुसऱ्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने एकच ठिकाण निवडायचे ठरवले, तर मी मिनसरचे नाव घेईन. १६८४ साली लडाख आणि ल्हासा यांच्यात तिंगमोसगांगचा तह झाला. लडाखला पश्चिम तिबेटवरील आपला अंमल सोडून द्यावा लागला. परंतु त्या पडत्या काळातही लडाखच्या राजाने एक गाव स्वतःकडे राखून ठेवले. ते गाव मिनसर. कशासाठी? तर त्या गावाच्या महसुलातून कैलास, मानसरोवर आणि राक्षसताल येथील दिवाबत्तीचा खर्च चालावा यासाठी! पुढे झोरावरसिंगाने लडाख जिंकल्यावर हा हक्क जम्मूच्या दरबाराकडे आला आणि विसाव्या शतकातही मिनसरचा महसूल काश्मीर दरबाराकडे जात होता. राज्य गेले, पण दिव्यांची व्यवस्था सोडली नाही. असे उदाहरण जगाच्या तहनाम्यांत क्वचितच सापडेल.

या साऱ्यापेक्षा दूर, दारचेनहून एका दिवसाच्या मोटारप्रवासावर, गुगेचे राज्य होते. मानसरोवराच्या पठारावरून आठ-नऊशे मीटर खाली उतरत वाट मातीच्या सुळक्यांच्या एका विलक्षण प्रदेशात शिरते आणि सतलजच्या काठी थोलिंग व त्सापरांग ही दोन स्थाने लागतात. गुगेचा राजा येशे-ओ याने ९९६ च्या सुमारास थोलिंगचा मठ स्थापन केला. रिंचेन झांग्पो हा त्याचा पट्टशिष्य म्हणावा असा विद्वान. तो विद्येसाठी काश्मीरला गेला, संस्कृत शिकला, असंख्य ग्रंथ तिबेटीत उतरवले आणि काश्मिरी कलाकारांना सोबत घेऊन परतला. १०४२ साली विक्रमशिलेचे आचार्य दीपंकर श्रीज्ञान, म्हणजेच अतिश, हिमालय ओलांडून थोलिंगला पोहोचले. तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. ‘बोधिपथप्रदीप’ हा त्यांचा ग्रंथ येथेच लिहिला गेला. पुढे विक्रमशिला नष्ट झाली. तेथील विद्या जगली ती या मातीच्या भिंतींच्या आश्रयाने. मूळ संस्कृतात लुप्त झालेले कितीतरी ग्रंथ आज केवळ तिबेटी अनुवादात उपलब्ध आहेत. आपल्या ज्ञानाची ठेव ज्या शेजाऱ्याने सांभाळली, त्याच्या दाराशी जाऊन कृतज्ञतेने उभे राहणे हे तीर्थाटन नव्हे काय?

त्सापरांगच्या कड्यावरचा पडका राजवाडा आणखी एक कथा सांगतो. १६२४ साली आंतोनियो द आंद्राद हा जेझुइट पाद्री आग्र्याहून निघून माना खिंडीतून येथे आला. गुगेच्या राजाने त्याला आश्रय दिला, चर्चला जागा दिली. राजा परधर्मप्रचारकांकडे झुकलेला पाहून मठांतील भिक्षू दुखावले. अंतर्गत कलह पेटला आणि १६३० मध्ये लडाखच्या सैन्याने राजधानी घेतली. आंद्राद पुढे गोव्याला परतला व तेथेच १६३४ साली मरण पावला. स्वसमाजातील श्रद्धास्थाने दुभंगली की राज्य कसे ढासळते, याचा हा वस्तुपाठ आहे. मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेवटचा घाव घातला तो समानधर्मी शेजाऱ्याने. घरातील दुही बाहेरच्याला निमित्त पुरवते, मग तो बाहेरचा कोणत्याही धर्माचा असो.

या पडक्या मंदिरांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती १९४८-४९ मध्ये ज्या स्त्रीने काढल्या, ती मुंबईची. पेटिट या पारशी घराण्यात जन्मलेल्या, शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेल्या ली गौतमी आपले पती लामा अनागारिक गोविंद यांच्यासमवेत गोठवणाऱ्या थंडीत त्या अंधाऱ्या मंदिरांतून काम करीत होत्या. त्यानंतर अवघ्या दीड-दोन दशकांत सांस्कृतिक क्रांतीचे वादळ आले. थोलिंगच्या मुख्य मंदिरातील मूर्ती फोडल्या गेल्या. त्सापरांगच्या श्वेत आणि रक्त मंदिरांत भिंतींवरची चित्रे बरीचशी वाचली, मूर्ती भग्न झाल्या. म्हणजे एका भारतीय स्त्रीच्या हाताने टिपलेल्या रेषा आज इतिहासाचा पुरावा ठरल्या आहेत. साक्षीदार वेळेवर पोहोचला तर काय घडते, ते यातून कळावे.

येथे शासनाच्या धोरणाचा प्रश्न येतो. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात तिबेटमधील घडामोडींचा धोका पंडित नेहरूंना स्पष्ट शब्दांत कळवला होता. तरीही २९ एप्रिल १९५४ च्या करारात आपण तिबेटमधील वारसाहक्काने आलेल्या सवलती सोडल्या आणि सीमेचा प्रश्न मात्र अनिर्णित ठेवला. त्या करारात भारतीय यात्रेकरूंसाठी कैलास आणि मानसरोवर यांचा उल्लेख आला. थोलिंगचे किंवा तीर्थपुरीचे नाव तेथे नव्हते. माना आणि निती या खिंडी त्यात होत्या. बद्रीनाथच्या देवस्थानाची थोलिंगच्या मठाशी भेटवस्तूंची देवाणघेवाण या वाटांनीच होत असे, असे गढवालात सांगतात. १९६२ मध्ये ते सारेच बंद पडले. १९८१ मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली ती केवळ लिपुलेखने, आणि २०१५ मध्ये नाथू लाची भर पडली. आजही थोलिंग-त्सापरांगला जायचे तर वेगळे चिनी परवाने लागतात.

यात्रेच्या वाटाघाटी जेव्हा जेव्हा होतील, तेव्हा तीर्थपुरी, तोयो आणि थोलिंग या स्थानांचा समावेश कार्यक्रमात व्हावा, अशी मागणी भारताने केली पाहिजे. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांची एखादी तुकडी वेगळी काढून तिला याच स्थानांचा मार्ग द्यावा. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या जागाही त्यामुळे मोकळ्या होतील. चीन लगेच मान्य करील असा भाबडा समज कुणी करून घेऊ नये. परंतु जी मागणी केलीच जात नाही, ती कालांतराने स्मरणातूनही जाते.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. रिंचेन झांग्पोच्या काळातील कला भारताच्या हद्दीत आजही पाहता येते. स्पितीतील ताबोचा मठ थोलिंगच्याच वर्षी, ९९६ मध्ये उभा राहिला. लडाखमधील आल्चीच्या भिंतींवर काश्मिरी शैलीचे रंग अजून ताजे आहेत. ज्यांना सोडतीत नाव मिळाले नाही, त्यांनी तेथे जावे. तेवढेही शक्य नसेल, तर आपल्या विदर्भात गोंदिया जिल्ह्यात १९७२ पासून निर्वासित तिबेटी बांधवांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. थंडीत आपल्या शहरांत लोकरीचे कपडे विकायला बसणाऱ्या तिबेटी स्त्रीशी आपण भावाची घासाघीस करतो. तिचे गाव कोणते, हे किती घरांत विचारले जाते? कैलासाला दोनदा जाऊन आलेल्याने तरी ते विचारावे.

कैलास आपल्याप्रमाणेच बौद्धांचा, जैनांचा आणि बोन परंपरेचाही आहे. बोन यात्रेकरू उलट्या दिशेने परिक्रमा करतात आणि वाटेत समोरासमोर भेटतात. त्यांना वाट देणारा, प्लास्टिकची बाटली परत आणणारा, मठात शिरताना टोपी काढून आवाज खाली आणणारा यात्रेकरू हा आपल्या संस्कृतीचा खरा प्रतिनिधी होय. ‘कैलास आमचा’ ही घोषणा डोल्मा लावर देणे सोपे आहे. लडाखच्या पराभूत राजाने घोषणा दिली नव्हती. त्याने दिव्यांसाठी एक गाव राखले होते. नाते घोषणेने नव्हे, दिवाबत्तीने टिकते. दुसऱ्या यात्रेला निघणाऱ्याने मिनसरच्या वाटेवर क्षणभर थांबून एवढे जरी मनाशी म्हटले, तरी त्याने अडवलेल्या त्या एका जागेचे ऋण काही अंशी फिटेल.