३० लाख कोटी गेले कुठे?

४ जून २०२४ रोजी लोकसभेची मतमोजणी चालू असताना सेन्सेक्स ४,३९० अंकांनी कोसळला आणि सुमारे ३० लाख कोटी रुपये 'बुडाल्या'ची बातमी झळकली. हे पैसे कोणाच्या खिशात गेले, असे आपले कार्यकर्ते अजूनही विचारतात. खरे तर एवढे पैसे कोणाच्याच खिशात नव्हते. थोड्या शेअरांचा शेवटचा सौदा ज्या भावाने होतो, त्याच भावाने उरलेल्या सर्व शेअरांची किंमत मांडली जाते. भाव उतरला की हा हिशेब आकसतो. रोकड चढ्या भावात विकणाऱ्याने आधीच नेलेली असते.

कर्ज मात्र आकसत नाही. म्हणून नगर जिल्ह्यातील पतसंस्थांच्या सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे : आमच्या ठेवींतून शेअर घेण्यासाठी कोणाला कर्ज दिले?

हे दुखणे जुने आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस महागला, तेव्हा मुंबईत बॅकबेच्या शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. शेअरांच्या तारणावर कर्जे उधळणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. (सट्ट्याचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीचा राजाबाई टॉवर तेवढा उभा आहे!) तेजीत सढळपणे उधार देणाऱ्या सावकारांनी पुढे हात आखडला, जप्त्या आणल्या. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यात उसळलेले दंगे पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोहोचले. कुणब्यांनी तेथे कर्जखते जाळली. बॅकबेचा शेअर त्यांच्यापैकी कोणी पाहिलाही नसेल.