गादी कोणत्या अंगासाठीं?

एका वाचकभगिनीचें पत्र गेले पंधरा दिवस आमच्या टेबलावर पडून आहे. त्या लिहितात, "नव्या जागेंत बिऱ्हाड हलविलें, पलंग सुताराकडून करून घेतला, आतां गादी कोणती घ्यावी हें कांहीं केल्या ठरत नाहीं. दुकानदार दहा प्रकार दाखवितो, आणि दहाही प्रकार पाठीस हितकर आहेत असें शपथेवर सांगतो." या सदरांत आजवर आम्हीं मुलांच्या वाचनाविषयीं लिहिलें, पाहुण्यांच्या सरबराईविषयीं लिहिलें, पिण्याच्या पाण्याविषयींही लिहिलें, परंतु गादीविषयीं लिहावें असें मनांत कधीं आलें नाहीं. विषय क्षुल्लक म्हणून नव्हे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार म्हणून चरकानें एका ओळीनें सांगितले आहेत. त्यांतील निद्रा जिच्यावर घ्यावयाची ती वस्तु क्षुल्लक कशी असेल? न लिहिण्याचें कारण निराळें आहे, व तें सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

आमचें बालपण कोंकणांत गेलें. सारवलेल्या जमिनीवर चटई, चटईवर घोंगडी आणि डोक्याखालीं आपलाच हात, अशी आमची शय्या होती. घरांतील एकुलती एक गादी आजोबांची. तिला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. पुढें संस्कृत शिकूं लागल्यावर या कठीण शय्येला शास्त्राचा आधार मिळाला. निंदेच्या अर्थीं होणाऱ्या एका समासासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे, व त्याचें उदाहरण म्हणून 'खट्वारूढ' हा शब्द देतात. अध्ययन पुरें करून, गुरूची आज्ञा घेऊन मग खाटेवर निजावयाचें, हा ब्रह्मचाऱ्याचा नियम. तो मोडून जो आधींच खाटेवर चढला तो खट्वारूढ, म्हणजे उनाड, आचारभ्रष्ट. आमचे शास्त्रीबुवा उशिरां उठणाऱ्या विद्यार्थ्यास उद्देशून हा शब्द इतक्या रंगून उच्चारीत कीं, मऊ गादी आणि बिघडलेला आचार यांची गांठ आमच्या मनांत कायमची बसली. जमिनीवर निजणारा ताठ चालतो आणि गादीवर लोळणारा वांकतो, असें आम्ही वर्गांत मुलांनाही सांगत आलों.

आमच्या मातोश्री २०११ सालीं अर्धांगवायूनें अंथरुणास खिळल्या. वय ८१. शरीर मूळचें किडकिडीत, त्यांत आजारानें अधिकच झडलेलें. आम्हीं खाटेवर फळी टाकली आणि तिच्यावर दबून पापडासारखी झालेली जुनी कापसाची गादी अंथरली. घरांतील मंडळींनीं जाड गादी आणण्याविषयीं दोनदां सुचविलें. "कठीण शय्या पाठीला बरी," हें आमचें ठरलेलें उत्तर. मातोश्रींना विचारलें तर त्या म्हणत, "मला काय टोंचतंय रे बाळ? जन्म चटईवरच गेला माझा." त्यांना टोंचत नव्हतें हें खरेंच होतें, कारण अर्धांगाच्या बाजूची संवेदनाच मंदावली होती. हें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत अंग पुसण्यासाठीं एक परिचारिका येऊं लागली. तिनें पहिल्याच दिवशीं त्यांना कुशीवर वळविलें आणि आम्हांस हांक मारली. माकडहाडावर आणि डाव्या खुब्यावर कातडी काळवंडून फाटली होती. "मास्तर, आजींच्या अंगावर मांस कुठं राहिलंय? हाड आणि फळी यांच्यामध्यें नुसती कातडी चिरडतेय," इतकेंच ती म्हणाली. मग तिनें समजावून सांगितलें कीं, हाड जेथें कातडीच्या जवळ असतें तेथें दाब फार वेळ राहिला म्हणजे बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोंचत नाहीं आणि तेवढें मांस मरतें. दर दोन तासांनीं कूस बदलणें, आणि जिचे कप्पे आळीपाळीनें फुगतात व बसतात अशी हवेची गादी घालणें, हे उपाय तिनें सुरू केले. जखम भरून येण्यास साडेतीन महिने लागले. मातोश्री त्यानंतर वर्षभर होत्या. त्या जखमेबद्दल त्यांनीं आम्हांस एकदांही बोल लाविला नाहीं. लाविला असता तर बरें झालें असतें.

आमच्या पाठीला जो नियम मानवला तो आम्हीं दुसऱ्याच्या पाठीवर लादला, ही चूक. पण पुढें चौकशी केली तेव्हां असें आढळलें कीं, चालत्याफिरत्या माणसाच्या पाठदुखीविषयींसुद्धां आमचा सिद्धांत उभा राहत नाहीं. स्पेनमध्यें डॉ. कोवाक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं, बिछान्यांत पडतांना व सकाळीं उठतांना ज्यांची कंबर जुनाट दुखते अशीं ३१३ माणसें निवडून कांहींना कठीण व कांहींना मध्यम कठीण गादी दिली. कोणती गादी कोणाला, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविलें होतें. ९० दिवसांनीं पाहिलें तों मध्यम गादीवाल्यांचें दुखणें अधिक कमी झालेलें होतें. हा प्रयोग २००३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. म्हणजे आम्ही फळी टाकीत होतों तेव्हां ही गोष्ट छापून आठ वर्षें झालीं होतीं. मात्र या प्रयोगांत अगदीं मऊ गादी तपासलेलीच नव्हती, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. नाहीं तर एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारण्यांत आपण सारेच पटाईत आहों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेशीं आणि कंबरेशीं तो आंत वळलेला असतो, पाठीशीं बाहेर. उताणें निजल्यावर हे बांक जसेच्या तसे राहावे, आणि कुशीवर निजल्यावर मागून पाहणाऱ्यास मानेपासून माकडहाडापर्यंत एक सरळ रेघ दिसावी, एवढेंच गादीचें काम. कुशीवर निजणाऱ्याचा भार खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणीं पडतो. तीं ठिकाणें थोडीं आंत रुतलीं नाहींत तर खांदा भरून येतो आणि कंबर अधांतरीं लोंबते. अशांनीं वरचा थर मऊसर घ्यावा. उताणें निजणाऱ्यास मध्यम गादी पुरते. पालथें निजणाऱ्यानें मऊ गादी घेतली तर पोट खालीं जाऊन कंबर उलटी वांकते. त्याला कठीणसर गादी बरी, आणि खरें म्हणजे ती संवयच मोडलेली बरी. तुम्ही कसे निजतां हें तुम्हांला माहीत असेल असें समजूं नका. आम्ही उताणे निजतों अशी आमची समजूत होती. "तुम्ही रात्रभर उजव्या कुशीवर असतां, आणि माझ्याकडे पाठ करून घोरतां," असा खुलासा सौभाग्यवतींनीं केला. हा प्रश्न घरांतल्या दुसऱ्या माणसास विचारावा.

दुसरी गोष्ट वजनाची. एकच गादी ९० किलोच्या गृहस्थास मऊ आणि ४५ किलोच्या वृद्धेस कठीण लागते. कारण हलकें शरीर गादीच्या वरच्या थरांतसुद्धां रुतत नाहीं. दुकानांतील पाटीवर 'मध्यम' असें लिहिलें असतें तें कोणाच्या वजनास मध्यम, हें तेथें लिहिलेलें नसतें. 'ऑर्थोपेडिक' या शब्दालाही भुलूं नये. ती कोणा वैद्याची शिफारस नव्हे. पुष्कळदां त्याचा अर्थ 'कठीण' एवढाच असतो.

प्रकारांपैकीं कापसाच्या गादीविषयीं आम्हांस अजून माया आहे, आणि ती केवळ जुनेपणाची नव्हे. पिंजारी दारीं येई, अंगणांत गादी उसवी, आणि धनुष्यासारख्या पिंजणाची तांत टणत्कार करूं लागली म्हणजे आम्ही पोरें भोंवतीं जमत असूं. दबलेल्या कापसाचा ढग होई. तो नव्या गादीपाटांत भरून दाभणानें टांके घातले कीं, जुनी गादी पुन्हां नवी. आतां हें काम बहुतेक यंत्रावर होतें, पण कापसाच्या गादीचा मोठा गुण कायम आहे: ती आपल्या अंगाच्या मापानें करवून घेतां येते. कापूस किती घालावयाचा, टांके दाट कीं विरळ, हें आपण सांगावें. हवा खेळती राहते, उन्हाळ्यांत अंग तापत नाहीं. मात्र तिला ऊन दाखविलें पाहिजे, आणि दबून तिच्यांत खळगे पडले म्हणजे पुन्हां पिंजून घेतली पाहिजे. हा व्याप ज्या घरीं होणार नाहीं त्या घरीं ती थोड्याच वर्षांत आमच्या त्या फळीवरच्या गादीसारखी होते. सांवरीचा कापूस फार मऊ खरा, पण तो उशीलाच शोभतो.

काथ्याची गादी नारळाच्या काथ्याला रबराचा चीक लावून दाबून केलेली असते. ती कठीण, हवेशीर आणि तुलनेनें स्वस्त. तिच्यावर मऊ थर असल्याशिवाय कुशीवर निजणाऱ्यानें घेऊं नये. फोमच्या बाबतींत घनता आणि कठीणपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें दुकानदारासही पुष्कळदां माहीत नसतें. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचें वजन. ती अधिक असली म्हणजे गादी अधिक वर्षें टिकते, पण म्हणून ती कठीणच असेल असें नाहीं. हलक्या घनतेच्या फोममध्यें कंबरेच्या जागीं लवकरच द्रोण होतो. ज्याला मेमरी फोम म्हणतात तो १९६६ सालीं अमेरिकेंत विमानांतील आसनांसाठीं शोधून काढला. अंगाच्या उबेनें तो मऊ होऊन शरीराचा ठसा घेतो आणि सावकाश पूर्ववत् होतो. दुखऱ्या खांद्याला तें सुखाचें वाटतें. परंतु ज्यांना कूस बदलण्यास आधींच कष्ट पडतात अशा वृद्धांना त्या खळग्यांतून वर येणें जड जातें. तो तापतोही. लॅटेक्सची गादी रबराच्या चिकाची, लवचिक आणि महाग. स्प्रिंगची घ्यावयाची तर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवींत शिवलेली असावी. एकमेकींस बांधलेल्या स्प्रिंगा असल्या म्हणजे एकानें कूस बदलतांच दुसरा जागा होतो.

दुकानांत जातांना लाज घरीं ठेवून जावें. बसून, तळव्यानें दाबून गादी कळत नाहीं. आपण जसे निजतों तसें निदान दहा-पंधरा मिनिटें आडवें व्हावें. उताणें पडून कंबरेखालीं हात सरकवून पाहावा: तो आरपार सहज गेला तर गादी कठीण आहे, मुळींच शिरला नाहीं तर ती मऊ आहे, आणि थोडा अडकत गेला तर ठीक. भर दुकानांत, परक्या माणसांदेखत आडवें होणें सौभाग्यवतींना प्रशस्त वाटेना. शेवटीं आम्ही पाठ करून दुकानदाराशीं भावाची घासाघीस करीत उभे राहिलों, तेवढ्यांत त्यांनीं तीन गाद्या पारखल्या. अलीकडे गुंडाळून खोक्यांत भरलेली गादी घरपोंच येते, व कांहीं कंपन्या १०० रात्रींच्या आंत परत घेण्याचें कबूल करतात. ही सोय चांगली. मात्र परतीच्या अटी पैसे भरण्यापूर्वीं वाचाव्या. लांबी आपल्या उंचीपेक्षां वीतभर तरी अधिक असावी.

तान्ह्या मुलाविषयीं येथेंच सांगून टाकतों, आज्जींना राग आला तरी चालेल. त्याची गादी सपाट आणि घट्ट असावी, त्याला उताणें निजवावें, आणि मऊ उशा, लोड, जाड दुलई जवळ ठेवूं नये. मऊ अंथरुणांत तोंड रुतलें तर तान्ह्याला मान वळवितां येत नाहीं व श्वास कोंडतो. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी घालतात, तीही वगळावी. कठीण शय्येचा आमचा जुना सिद्धांत खरा ठरतो तो एवढ्या एकाच ठिकाणीं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं आपल्या घरांतील मंडळींचीं वजनें लिहिलेलीं नाहींत. परंतु यजमान "चांगले धिप्पाड" आहेत आणि स्वतःचा खांदा दुखतो, एवढें त्यांनीं कळविलें आहे. अशा जोडप्यानें एक मोठी गादी घेऊन दोघांचीही झोंप अर्धवट करूं नये. एकाच पलंगावर शेजारीं शेजारीं दोन निराळ्या गाद्या घालाव्या. त्यांना कठीणसर, तुम्हांला वर मऊ थर असलेली. जाडी मात्र सारखी घ्यावी. आमच्या पलंगावर गेलीं सहा वर्षें हीच व्यवस्था आहे. मध्यें फट राहते, ती दिसूं नये म्हणून सौभाग्यवती वरून एकच चादर घट्ट खोंचतात, आणि सुटींत नातू आला म्हणजे हट्टानें त्या फटीवरच निजतो. उशीचा विचार गादीइतकाच महत्त्वाचा, परंतु तो स्वतंत्र करावा लागेल. जागा संपल्यामुळें तो पुढील अंकीं.