मानेची शस्त्रक्रिया आणि खांद्याचा प्रश्न

कान, गाल वा ओठावरच्या त्वचेचा कर्करोग पसरू लागला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा मानेतील लसिकाग्रंथींत पडतो. तोंडाच्या कर्करोगाचेही तसेच. आणि महाराष्ट्रात मानेतील ग्रंथी काढाव्या लागतात त्या अधिक करून तंबाखू-गुटख्याने झालेल्या तोंडाच्या रोगामुळे. ही शस्त्रक्रिया अनेकदा टाळता येत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या २०१५ मधील अभ्यासात, तोंडाच्या रोगासोबतच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसण्याची वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. मेलॅनोमा या त्वचारोगात मात्र २०१७ साली उलट अनुभव आला. पहिल्या ग्रंथीत सूक्ष्म रोग सापडताच उरलेल्या साऱ्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढले नाही, सूज मात्र सुमारे चौपट रुग्णांना आली.

जीव वाचला, पण त्यानंतरच्या जगण्याचे काय? शिरूर किंवा दौंडच्या पेठेतील व्यापारी पुन्हा गादीवर बसतो, तेव्हा भेटीला येणारे तपासणीचा अहवाल विचारतात. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा त्याला काढता येतो का, हे कोणी विचारत नाही.

मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस (अकरावी मस्तिष्क-नस) खांदा उचलणाऱ्या स्नायूला चालवते. १९०६ साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी मांडलेल्या मूळ पद्धतीत ग्रंथींबरोबर बहुधा ही नसही जात असे. आज शल्यविशारद शक्यतो ती राखतात. तरीही ताणली गेल्याने ती काही महिने मंदावते. खांदा खाली झुकतो, हात बाजूने वर जात नाही, रात्री ठणका लागतो. अनेकजण हे ‘वयाचे दुखणे’ समजून हात छातीशी धरून बसतात, आणि सांधा आखडतो तो याच आरामाने. शल्यविशारदांनी परवानगी देताच फिजिओथेरपी सुरू व्हावी. पोते उचलण्याची घाई मात्र नको. दौंडहून पुण्याला रेल्वे आहे, शिरूरकराला सारा भार रस्त्याचा. म्हणून पहिल्याच भेटीत व्यायाम शिकून घ्यावेत, सोबत घरातील एकाने तरी ते पाहून ठेवावेत. नोंदवहीत रोजची उधारी लिहिणाऱ्या घराला रोजचा व्यायाम लिहिणे जड नाही.

मान आणि कानाची पाळी बधिर राहते. दाढी करताना वस्तरा लागला तरी कळत नाही. गरम पाण्याची पिशवी तर तेथे ठेवूच नये. चेहऱ्याची सूज सकाळी अधिक असते, उशी उंच घेतल्याने ती उतरते.

किरणोपचार झाले असल्यास तोंड कोरडे पडते. रात्री घोटभर पाणी लागते आणि चौविहार पाळणारा वयस्क ते मागत नाही. पच्चक्खाणात आजारासाठी आगार आहेत, तिविहारात पाणी चालते. ही गोष्ट गुरुमहाराजांना विचारून सुनेने किंवा मुलाने आजोबांना सांगावी. रुग्ण स्वतः ती काढणार नाही.