सहलीची पिशवी भरताना रात्रीचा हिशेब धरा



खरिपाची रास घरात आली, रब्बीची पेरणी उरकली, हरभऱ्याला एक पाणी देऊन झाले, की चार-आठ दिवस मोकळे सापडतात. मग गावातली पाच-दहा घरे मिळून गाडी ठरवतात. म्हैसूर, उटी, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असा बेत ठरतो. देवदर्शनही होते आणि मुलाबाळांना मुलूखही दिसतो. दक्षिणेकडे उकाडा असतो हे सर्वांनी ऐकलेले असते, म्हणून पिशवीत सुती कपडे तेवढे भरले जातात. आणि उटीच्या मुक्कामी रात्री दहा वाजता पोरे कुडकुडू लागतात. म्हातारी माणसे पाय पोटाशी घेऊन बसून राहतात आणि विचारले तर 'मला नाही बाई थंडी वाजत' म्हणतात. सून-मुलाला खर्चात घालायला नको म्हणून ती बोलत नाहीत. त्यांची काळजी निघण्याआधीच घ्यायची असते.

उष्ण मुलखात एवढी थंडी का पडते? पहिले कारण उंची. दर १,००० मीटर वर चढले की हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. म्हैसूर सुमारे ७६० मीटरवर आहे, तर उटी सुमारे २,२४० मीटरवर. म्हणजे सकाळी म्हैसुरात सदऱ्यावर फिरलेला माणूस घाट चढून संध्याकाळी उटीला पोचला, की ८-९ अंशांचा फरक पडतो. आपले महाबळेश्वरही सुमारे १,३७० मीटरवर आहे.

दुसरे कारण तुम्हाला शेतातून ठाऊक आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशात सोडून देते. ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला तर सगळी ऊब निघून जाते. थंड हवा जड असते, ती वाहत जाऊन खोलगट जागी साचते. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार अशाच रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी देतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत दंव गोठते, तेही याच कारणाने. निलगिरीत डिसेंबर-जानेवारीत चहाच्या मळ्यांवर हिमकण पडतात. जी थंडी पिकाला करपवते, ती लेकराला सोडील काय?

रामेश्वर-कन्याकुमारीला मात्र अंगावर चादरसुद्धा नकोशी होते. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून किनाऱ्यावरची रात्र उबदार राहते. तेव्हा कपडे बांधताना आपल्या गावचे ऊन पाहू नका. प्रवासातला सर्वांत उंच मुक्काम कोणता ते विचारा आणि तिथल्या रात्रीचा हिशेब धरा.

आता भरायचे काय? एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकून राहतो. ऊन चढले की एकेक काढताही येतो. पुरुषांनी बनियन, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि स्वेटर घ्यावा. धोतर नेसणाऱ्यांनी आत घालायला लेंगा घ्यावा. बायकांनी पूर्ण बाह्यांचे पोलके, स्वेटर आणि शाल घ्यावी. लुगड्याखाली जाड परकर असावा. प्रत्येकाला कानटोपी किंवा मफलर आणि मोज्यांचे दोन जोड हवेतच. तान्ह्या बाळाला आजीने शिवलेली कुंची आणि लोकरीचे मोजे असावेत.

घरात घोंगडी असेल तर कुटुंबामागे एक जरूर न्या. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते, सुती कापड ओले झाले की अंग गार करते. म्हणूनच दिवसभर घामाने भिजलेले बनियन संध्याकाळी बदलावे आणि कोरडे घालून झोपावे. डोंगरावर धुक्यात धुणे लवकर वाळत नाही, त्यासाठी आतले कपडे एक-दोन जास्त ठेवा. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे दिवस असतात, तेव्हा छत्री आणि प्लास्टिकचा कागदही हवा.

हे सारे कपडे गाडीच्या टपावर किंवा डिकीत बांधून टाकू नका. घाट रात्री लागला तर ते हाताशी हवेत. माणशी एक कापडी पिशवी करा आणि ती पायाशी ठेवा. मूल मांडीवर झोपले असेल तर खिडकी बंद करा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थंडी असह्य झाली म्हणून लॉजच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही आणि झोपेतच जीव जातो. शेकायचे असेल तर उघड्यावर शेका आणि खोलीत पांघरूण घ्या. ते कमी पडले तर लॉजवाल्याकडे आणखी मागा, चार पैसे पडले तरी द्या.

बियाणे आपण पेरणीच्या दिवशी शोधत नाही, आधी आणून ठेवतो. तसेच निघण्याच्या आदल्या दिवशी स्वेटर-शाली पेटीतून काढा, उन्हात टाका, आणि घरातल्या सर्वांत लहान व सर्वांत म्हाताऱ्या माणसाची पिशवी आधी भरा. बाकीच्यांचे काही राहिलेच तर वाटेत मिळेल.