माड काळा का दिसला?

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यालगतच्या एका माडांच्या वाडीचे छायाचित्र माझ्यासमोर आहे. मागचा समुद्र शाईसारखा काळा, आकाशही काळेभोर, आणि माडांच्या झावळ्या मात्र चुना फासल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. ओळीतला तिसरा माड तेवढा काळवंडलेला. वाडीच्या मालकांनी चित्र पाहिले आणि विचारले, “काय हो, ह्या माडाला रोग लागला की काय? तसं असेल तर आत्ताच तोडून टाकतो, बाकीच्यांना लागायच्या आत.”

बाणवली जातीचा माड फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुढे कित्येक दशके तो नारळ देत राहतो. तोडायला मात्र एक सकाळ पुरते. तेव्हा प्रश्न साधा नव्हता. माझ्या चित्राच्या साक्षीवर एका माडाचे आयुष्य ठरणार होते. ती साक्ष खरी होती का?

हे चित्र अवरक्त फिल्मवर काढलेले होते. अशा फिल्मवर काम केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते तुम्हांला पटवून देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ते मत असे, की न दिसणाऱ्या प्रकाशाचे नुसते चित्र हा पुरावा नव्हे. ते कसे काढले याची वही आणि सोबतच्या चाचण्या असतील, तरच तो पुरावा.

आधी अवरक्त म्हणजे काय ते पाहू. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. अवरक्त फिल्म त्याच्या थोडे पलीकडचे टिपते. कोडॅकची प्रसिद्ध ‘हाय स्पीड इन्फ्रारेड’ फिल्म ९०० नॅनोमीटरपर्यंत पाहू शके, पण २००७ साली कंपनीने ती बंद केल्याचे जाहीर केले. त्यानंतर उरलेल्या फिल्मांची धाव साधारण ७४० ते ८२० नॅनोमीटरपर्यंतच आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. अशी फिल्म उष्णता टिपते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. आपल्या अंगातून बाहेर पडणाऱ्या किरणांचा भर १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असतो. फिल्मची मजल त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही जात नाही. अंधाऱ्या खोलीत उकळत्या पाण्याचे पातेले ठेवले, तरी ते या फिल्मवर उमटणार नाही. फिल्मला लागतो तो सूर्याचा, वस्तूवरून परत फिरलेला अवरक्त प्रकाश.

मग माड पांढरा का? पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते, पण अवरक्त प्रकाश त्यातून जवळजवळ तसाच पार होतो. पानाच्या आत पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांची दाटी असते. तेथे हा प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो आणि बराचसा बाहेर फेकला जातो. म्हणून हिरवे पान चित्रात पांढरे येते. पाणी अवरक्त प्रकाश शोषते म्हणून समुद्र काळा. निरभ्र आकाशातून तो फारसा विखुरत नाही म्हणून आकाशही काळे. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० साली अशी चित्रे प्रथम प्रसिद्ध केली.

पानाची आतली रचना बिघडली, तर हे परावर्तनही घटते. याच गुणाचा उपयोग आपल्या देशात १९७० च्या सुमारास झाला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी हे पुढे अवकाश संशोधनाकडे वळले होते. केरळातील माडांना होणारा ‘रूट विल्ट’ हा रोग आकाशातून ओळखता येतो का, हे त्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर चित्रे घेऊन तपासले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. तेव्हा वाडीच्या मालकांची शंका अगदीच निराधार नव्हती. पण माझे चित्र त्या पात्रतेचे होते का, हे पाहण्यासाठी ते कसे तयार झाले ते समजून घ्यावे लागेल.

मी शीट फिल्म वापरली होती. ही गुंडाळीची फिल्म नव्हे. पोस्टकार्डापेक्षा थोडा लहान, सुटा ताव. असा एकेक ताव संपूर्ण काळोखात होल्डरमध्ये भरावा लागतो. डार्करूममधला तांबडा दिवा येथे चालत नाही. सगळे काम बोटांनी करायचे. तावाच्या कडेला खाचा असतात. ताव उभा धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, म्हणजे रसायनाची बाजू आपल्याकडे आहे असे समजायचे.

दुसरी अडचण फसवी आहे. डोळ्यांना काळे दिसणारे सगळेच अवरक्त प्रकाशाला अडवीत नाही. याचा पडताळा घरी घ्या. टीव्हीच्या रिमोटचे तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळ मोबाईलच्या पडद्यावर ठिणगीसारखा प्रकाश दिसेल. काही रिमोटच्या तोंडाशी काळपट प्लास्टिक असते. ते तुम्हांला अपारदर्शक वाटते, पण हा प्रकाश त्यातून सहज पार होतो. कॅमेऱ्याचा भाता किंवा होल्डरची सरकती झडप अशाच पदार्थाची असेल तर? बाहेरून सर्व काळे आणि आत फिल्म खराब! म्हणून एक ताव होल्डरमध्ये भरून, झडप न उघडता पाच मिनिटे उन्हात ठेवावा आणि धुऊन पाहावा. तो काळवंडला, तर होल्डर बाद.

तिसरी अडचण फोकसची. भिंगातून अवरक्त प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा किंचित दूर एकवटतो. दुधी काचेवर चित्र स्पष्ट दिसले, म्हणून फिल्मवर स्पष्ट येईल असे नाही. भिंग नाभीय अंतराच्या सुमारे पाव टक्का पुढे सरकवावे, असा जुना नियम आहे. १५० मिलिमीटरच्या भिंगासाठी हे अंतर ०.४ मिलिमीटरहूनही कमी! त्यातच भिंगावर लावायचा फिल्टर इतका गडद, की त्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून आधी चौकट ठरवायची, फोकस करायचा, भिंग सरकवायचे, मग फिल्टर लावायचा आणि पुढचे सर्व विश्वासावर!

प्रकाशमापकही येथे मदतीला येत नाही, कारण तो मोजतो दृश्य प्रकाश. म्हणून एकाच दृश्याचे अर्धा सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद असे वेगवेगळे ताव घ्यावे लागतात. एवढ्या वेळात झावळी हलली की चित्रात नुसता पांढरा पिसारा. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना? मांडवीला त्यांचा अर्थ मला नीट कळला. रात्रीचे मतलई वारे थांबल्यावर आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्यापूर्वी सकाळी थोडा वेळ माड स्तब्ध उभे असतात. तेवढीच वेळ आपली.

कोकणातल्या दमट हवेचा त्रास वेगळाच. फिल्म शीतकपाटात ठेवावी लागते. बाहेर काढून लगेच पाकीट फोडले, तर गार पाण्याच्या पेल्यावर जमते तसे दव फिल्मवर जमते. म्हणून पाकीट न फोडता काही तास तसेच ठेवायचे. डेव्हलपर सामान्यतः २० अंश सेल्सियसला वापरतात, पण उन्हाळ्यात आमच्या नळाचे पाणीच ३० अंशांच्या घरात. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला, तर तो पातळ होतो. म्हणून बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, ती द्रावणात फिरवायची. नंतरचे हायपो आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवे, नाहीतर फुगलेल्या थरावर जाळीसारख्या सुरकुत्या पडतात.

आता तिसऱ्या माडाकडे येऊ. त्या दिवशी मी चार ताव एकाच तबकात धुतले होते. काळोखात तळचा ताव काढून वर, पुन्हा तळचा वर, असे हाताने फिरवीत राहायचे. मात्र कोरडे ताव आधी साध्या पाण्यात एकेक करून भिजवावे लागतात. दोन एकदम गेले, तर ते एकमेकांना चिकटतात. वहीत त्या दिवशीची माझी नोंद होती: ‘भिजवताना पहिले दोन चिकटले, सोडवायला वेळ लागला.’

त्या नोंदीने डोळे उघडले. चिकटलेल्या जागी डेव्हलपर उशिरा पोचला, निगेटिव्ह तेथे फिकी राहिली आणि फिकी निगेटिव्ह म्हणजे कागदावर काळा भाग. भिंगाखाली चित्र पुन्हा पाहिले. शेजारच्या चौथ्या माडाच्या दोन झावळ्याही अर्ध्यापर्यंत काळवंडल्या होत्या आणि तो काळेपणा सरळ रेषेत थांबला होता. रोग असा पट्टी लावून थांबत नाही! त्याच दृश्याचा एक सेकंदाचा दुसरा ताव काढला. त्यात तिसरा माड इतरांइतकाच पांढरा होता.

मालकांना दोन्ही चित्रे दाखवली आणि चूक माझी असल्याचे सांगितले. शिवाय हेही सांगितले, की दुसऱ्या तावातही माड काळा आला असता, तरी एवढ्यावरून तोडू नका. सावली, जुन्या झावळ्या, पाण्याचा ताण अशा कितीतरी कारणांनी माड काळपट येऊ शकतो. झाडाशी जाऊन पाहावे आणि खाडीपलीकडे भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, तेथे विचारावे. माड वाचला.

माझे कित्येक मित्र म्हणतात, की ताव महाग, मिळायला दुर्मिळ. चारांतला एक चाचणीत आणि एक त्याच दृश्यावर पुन्हा कशाला घालवायचा? मला हा हिशेब चुकीचा वाटतो. चार चित्रे आणि एकाचाही भरवसा नाही, यापेक्षा दोन चित्रे आणि दोन साक्षीदार केव्हाही बरे.

आणखी काही जण म्हणतील, की आता फिल्मची गरजच काय? १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आय.आर.एस.-१ए या भारतीय उपग्रहापासून आपण अवरक्त पट्ट्यातली चित्रे अवकाशातूनच घेत आलो आहोत. खरे आहे. पण त्या चित्रांचा अर्थ लावणारे शास्त्रज्ञही जमिनीवर माणूस पाठवून पडताळा घेतातच. साधन बदलले, तरी पडताळ्याचे काम संपत नाही. उलट संगणकाच्या पडद्यावर चित्र तयारच मिळते, म्हणून ते कसे बनले हे विचारायचे आपण विसरतो. फिल्म ते विसरू देत नाही, एवढ्यासाठी तरी ती शिकण्याजोगी आहे.

तुमच्याकडे असा कॅमेरा नसेल. हरकत नाही. रिमोटचा प्रयोग करा. घरातल्या कोणत्या काळ्या वस्तूंतून तो प्रकाश पार होतो आणि कोणत्यांतून नाही, याची यादी करा. प्रत्येक वस्तू दोनदा तपासा आणि दुसऱ्या वेळी उत्तर वेगळे आले, तर तेही लिहून ठेवा. ते खोडू मात्र नका.