चावताना दुखते म्हणणाऱ्यांचं पुढे काय?

मी पवनी तालुक्यातली आशा सेविका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सी-बॅक, म्हणजे आजारांच्या प्राथमिक तपासणीचा, फॉर्म भरणं हे आमचं काम. त्यात तोंडाचेही प्रश्न आहेत: तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, चावताना दुखते का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे घरोघरी भेटतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून मिळतोच. रोवणीला बांधीत उतरताना बाया-माणसं तो गालात धरतात. म्हाताऱ्या बाया सकाळी दातांना गुडाखू (तंबाखूची पेस्ट) घासतात. दात सडल्याचं कुणाला नवल नाही. विचारतात एवढंच, “ताई, या कार्डात दात बसते का जी?”

नाही बसत. आयुष्मान कार्ड बरेचदा मीच काढून दिलेलं असतं, म्हणून हे सांगताना जास्तच जड जातं. महात्मा फुले योजनेशी जोडलेलं ते कार्ड कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार देतं. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन त्यात होतं आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण आयुष्मानच्या नियमात दाताची कीड भरणं आणि रूट कॅनॉल नाव घेऊन वगळले आहेत. दुखणं दवाखान्यात भरती होण्यापर्यंत गेलं, तरच विचार. सरकारच्याच फॉर्मवर दुखणं नोंदवायचं आणि सरकारच्याच कार्डावर ते नाकारायचं, असा हा कारभार.

खासगीत रूट कॅनॉल आणि वर टोपी म्हणजे काही हजारांचा खर्च. मजुरीवर जगणारा माणूस गोळी खातो, नाहीतर दात उपटून मोकळा होतो. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय चांगलं आहे, पण कवळीसाठी माप, चाचणी, दुरुस्ती असे फेरे पडतात. आमच्या जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या म्हातारीसोबत दर वेळी घरचं एक माणूस रोजी बुडवून जाणार कसं?

माझं म्हणणं असं. कीड भरणं, रूट कॅनॉल आणि साठीपुढच्यांची पूर्ण कवळी हे तीन उपचार भरतीची अट न घालता योजनेत घ्या. योजनेत केलेल्या उपचाराचे पैसे सरकारी दवाखान्यालाही मिळतात. तुमसर, साकोली, पवनीच्या दवाखान्यांना दातांच्या कामाचे असे पैसे मिळाले, तर सामान आणि कवळी बनवणारा कारागीर दोन्ही परवडतील. कवळीचं म्हणाल, तर गरीब ज्येष्ठांसाठी कर्नाटकात ‘दंतभाग्य’ आणि केरळात ‘मंदहासम्’ आधीच आहे.

खोटी बिलं निघतील, असं कुणी म्हणेल. निघतील. म्हणून रूट कॅनॉलला आधीचा आणि नंतरचा एक्स-रे सक्तीचा करा. कवळी तर तोंडातच दिसते. ती तपासायला आम्ही आशा गावात आहोतच, फक्त त्या कामाचा मोबदला वेगळा लावा.