कोल्हा आंबटच होता!

‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ ही म्हण ज्या कुणी मराठीत रूढ केली, त्याने एका मुक्या प्राण्याची नाहक बदनामी केली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्ह्याने उडी मारली, द्राक्षं मिळाली नाहीत, तो आपल्या वाटेने गेला. जाताना तो काय पुटपुटला हे ऐकायला तिथं होतं कोण? याउलट, कोल्ह्यावर गोळी झाडून नेम चुकलेला मनुष्य काय काय म्हणतो ते मी माझ्या या दोन कानांनी ऐकलेलं आहे. कोल्हा बिचारा एका वाक्यात मोकळा झाला. कोल्हा आंबट म्हणणाऱ्या शिकाऱ्याला पाऊण तास पुरत नाही.

इथं एक खुलासा केलेला बरा. इंग्रज ज्याला फॉक्स म्हणतो तो आपला कोल्हा नव्हे. तो आपल्या खोकडाचा थोरला, तांबूस चुलतभाऊ. आपला कोल्हा म्हणजे त्यांचा जॅकल. पण ईसापच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा खोकडाला कुणी विचारलं नाही आणि त्या जागेवर कोल्हा कायम झाला. बँकेत हे नेहमीचंच आहे. काम एकाचं, बढती दुसऱ्याला. तेव्हा रूढीला मान देऊन मीही कोल्हाच म्हणणार.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोघांनाही संरक्षण दिलेलं असल्यामुळे अस्सल देशी सबबींचा पुरवठा बंद पडलाय. मला त्या आयात कराव्या लागतात. आमच्या मंडळींचे धाकटे बंधू उत्तर इंग्लंडात असतात. संगणकात नोकरी, खेड्यात घर आणि शेजारी एक मेंढ्यावाला शेतकरी. वसंतात मेंढ्या विऊ लागल्या की कोल्हे कोकरं उचलतात. मग रात्री रायफल घेऊन राखण करावी लागते. आमच्या मेहुण्याने रीतसर परवाना काढून .२२३ ची रायफल घेतली, आणि तेव्हापासून दर शनिवारी त्याचा फोन येतो.

याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याची कोकरं जातात त्याचं नुकसान आपण सदाशिव पेठेतल्या गॅलरीत बसून ठरवू नये. नेम चुकतो याबद्दलही तक्रार नाही. नेम ही चीज चुकण्यासाठीच असते, नाहीतर त्याला खेळ कुणी म्हटलं नसतं. माझं भांडण आहे ते नेम चुकल्यानंतरच्या वक्तृत्वाशी.

नमुने पाहा. “भाऊजी, वारा आडवा होता हो!” आता वाऱ्याचा हिशेब ही काही गुप्त विद्या नाही. अशा रायफलीच्या गोळीला ताशी दहा मैलांचा आडवा वारा शंभर यार्डांवर सरकवून सरकवून किती सरकवणार? सुमारे एक इंच. कोल्ह्याच्या काळीज-फुप्फुसांची जागा असते एका पुरीएवढी. वाऱ्याने गोळी पुरीच्या मध्यावरून कडेकडे जाईल. शेजाऱ्याच्या पानात जाणार नाही. दोनशे यार्डांवर तोच वारा चार इंच मागतो, हे खरं. पण मग दोनशे यार्डांवरून वाऱ्यात झाडायला सांगितलं कुणी?

“आवाज ऐकून त्याने मान खाली घातली!” ही सबब तर पदार्थविज्ञानाच्या पहिल्या धड्यातच नापास होते. गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या आसपास धावते, आवाज अकराशे. आवाज पोचतो तेव्हा गोळीचं काम आटोपून ती पुढच्या मुक्कामाला निघालेली असते. बार ऐकून खाली वाकलेला कोल्हा म्हणजे गोळी बाजूने गेल्याचा साक्षीदार, आरोपी नव्हे.

“तो अगदी जवळ आला होता!” ही सबब ऐकून मी प्रथम हसलो. हाताच्या पाठीवर ओठ दाबून ही मंडळी सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढतात, आणि कोल्हा ससा समजून पार वीस पावलांवर येऊन उभा राहतो. तेवढ्यावरून चुकायचं म्हणजे कमाल झाली! पण चौकशीअंती कळलं की दुर्बीण नळीच्या वर दीड इंच बसवलेली असते. शंभर यार्डांना जुळवलेली रायफल इतक्या जवळ सुमारे इंचभर खाली मारते. म्हणजे ही एक सबब निदान तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य आहे. फक्त ती इंचभराचीच आहे. बाकीचे इंच कुणाच्या नावे टाकायचे?

“मी चाप ओढला आणि तो चालू लागला!” हेही खरं असू शकतं. गोळीला शंभर यार्ड जायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, तेवढ्यात चालता कोल्हा अर्धा फूट पुढं जातो. म्हणून तर उभ्या कोल्ह्यावरच झाडावी, असा त्या धंद्यातला नियम आहे. नियम मोडला की चूक कोल्ह्याच्या चालण्याची?

या सगळ्या यादीत दुर्बीण असते, काडतुसांचा नवा डबा असतो, टेकू दिलेली काठी असते, थंडी असते, जोडीदाराची शिंक असते. फक्त एक गोष्ट नसते: चाप दाबायच्या ऐवजी हिसडला, हे.

आता आमच्या धंद्याकडे पाहा. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि आजवर काउंटरवरच आहे. (आता आमच्या हुद्द्याला एक भारदस्त इंग्रजी नाव मिळालं आहे. खुर्ची तीच आहे.) संध्याकाळी कॅश पाचशे रुपयांनी कमी भरली, तर आमचा कॅशियर “खिडकीतून वारा आला” असं म्हणू शकतो का? “नोटेने आयत्या वेळी मान खाली घातली”? “गिऱ्हाईक फारच जवळ आलं होतं”? सगळी शाखा चहा न पिता बसते, बंडलं पुन्हा मोजली जातात, स्लिपा पुन्हा लागतात, आणि नाहीच सापडले तर तो मुकाट्याने खिशातून भरतो. त्यावर कुणी संध्याकाळी मैफल भरवत नाही.

“भाऊजी, तुम्ही आयुष्यात कधी रायफल हातात धरलीय?” असा प्रश्न मला गेल्या महिन्यात विचारण्यात आला. नाही धरली. आमच्या शाखेच्या दाराशी जी बंदूक असते, तिच्या शेजारी मी पावसाळ्यात छत्री ठेवतो, इतकीच आमची ओळख. पण जो ऑडिटर आमची कर्जं तपासतो, त्याने तरी जन्मात कुठं कुणाला म्हैस घ्यायला पैसे दिलेत? म्हैस त्याला ओळखू येते की नाही याचीच मला शंका आहे. तरी तो विचारतो आणि आम्ही उत्तर देतो. हिशेब विचारायला नेम लागत नाही.

आणि हिशेब विचारायचं कारण आहे. वाचकहो, गोळी सुटली की जमाखर्चात दोनच नोंदी होतात असं आपण समजतो: लागली किंवा चुकली. लागली तर कोल्हा जागच्या जागी संपला. साफ चुकली तर तो घरी गेला, आणि पुढच्या वेळी दिवा दिसला की शेपूट वळवून पळण्याइतका शहाणा झाला. तिकडच्या दिवेवाल्या शिकाऱ्यांमध्ये अशा दिव्याला बुजलेल्या कोल्ह्यांची मोठी दहशत असते, आणि तो शहाणपणा त्यांनीच फुकट शिकवलेला असतो. या दोन्ही नोंदी मला मान्य आहेत. पण एक तिसरीही नोंद असते. ती फोनवर सर्वांत सहज उच्चारली जाते: “लागली असावी बहुतेक. झुडपात गेला.”

‘असावी बहुतेक’! बँकेत याला सस्पेन्स खातं म्हणतात. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती तिथं टाकायची. पण तिथं टाकली म्हणजे मिटली असं नव्हे. वरून पत्र येतं, पुन्हा पत्र येतं, आणि जुनी नोंद का राहिली याचा जाब द्यावा लागतो. झुडपात गेलेल्या कोल्ह्याबद्दल कुणाचं पत्र येतं? त्याचा जबडा फुटलेला असेल, पाय लोंबत असेल, तो तीन दिवसांनी मरेल किंवा तीन आठवड्यांनी. इकडे फोन ठेवला की खातं बंद.

हे कोल्ह्याचं म्हणून आपल्याला हलकं वाटतं. वाघाचं ऐका. चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटने १९०७ साली मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. मेल्यावर तिचं तोंड पाहिलं, तर उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले. जुन्या गोळीची जखम. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटनेच लिहून ठेवलं आहे. ती गोळी कुणी झाडली होती, आपल्याला ठाऊक नाही. पण तो गृहस्थ त्या रात्री शेकोटीपाशी बसून ‘लागली असावी बहुतेक’ म्हणाला असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. त्याच्या सस्पेन्समधल्या एका नोंदीची वसुली ४३६ घरांतून झाली.

कोल्हा माणसं खात नाही, हा त्याचा सज्जनपणा. त्यामुळे त्याचं येणं वसूलच होत नाही.

इंग्रजाला हा प्रश्न नवा आहे अशातला भाग नाही. जुन्या काळी घोडे आणि कुत्रे घेऊन कोल्ह्यामागे धावणाऱ्या बड्या लोकांत कोल्ह्याला गोळी घालणं हे जवळजवळ महापातक समजलं जाई. इतका षोक की उटीला येऊनही त्यांनी कुत्र्यांची पथकं पाळली, आणि तिथं पाठलाग केला तो आपल्या खऱ्या कोल्ह्याचा. पुढं वाद पेटला, तेव्हा सरकारने लॉर्ड बर्न्स यांची समिती नेमली. २००० सालच्या तिच्या अहवालाचा सूर असा की त्रासाचा विचार करता कुठलीच पद्धत निर्दोष नाही; पण रात्री दिव्याच्या उजेडात रायफलीने मारणं हे कुत्र्यांच्या शिकारीपेक्षा बरं, योग्य परिस्थितीत आणि नीट केलं तर. मग कायदा झाला, आणि २००५ च्या फेब्रुवारीपासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्रे लावून कोल्हा मारणं बंद झालं. रायफल राहिली.

म्हणजे रायफल आज ज्या आधारावर उभी आहे तो आधार ‘नीट केलं तर’ या तीन शब्दांचा आहे. आमच्याकडे कर्जाच्या मंजुरीपत्रात अशा अटी खाली बारीक टायपात असतात, आणि कर्जदार त्या वाचत नाही. मेहुण्यानेही वाचल्या नसाव्यात.

यावर तो म्हणतो, “अहो, आता सगळं चित्रीकरण होतं. दुर्बिणीतच कॅमेरा आहे.” आहे खरा, अंधारात अंगाच्या उष्णतेवर कोल्हा पांढराफटक दिसतो, आणि चाप ओढायच्या आधीपासून फिल्म चालू असते. मला त्याने आतापर्यंत अकरा फिल्मा पाठवल्या. अकराही वेळा कोल्हा जागच्या जागी पडतो. फोनवर ऐकलेल्या चुकलेल्या नेमांची फिल्म एकही नाही. विचारलं तर म्हणाला, “त्या पुसल्या. मोबाइलमध्ये जागा नव्हती.” ज्या कॅशियरच्या वहीत फक्त जमाच सापडते, त्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी घरी बसवतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि मी ती मेहुण्याला लेखी कळवली आहे. रायफलीबरोबर एक वही ठेवावी. प्रत्येक गोळीला एक ओळ: तारीख, वेळ, अंतर, कोल्हा उभा होता की चालत, बारानंतर ‘थप्प’ असा आवाज आला की नाही, तो उभा होता त्या जागेपर्यंत स्वतः चालत जाऊन काय दिसलं, केस, रक्त, की नुसतं गवत. रक्त दिसलं तर माग काढला की नाही, कुठपर्यंत, आणि शेवटी सापडला का. जोवर सापडत नाही तोवर ती ओळ लाल शाईत राहील, आणि लाल ओळ असेपर्यंत दुसरी गोळी नाही. साफ चुकली असेल तर ‘चुकली’ एवढंच लिहावं आणि खाली सही करावी.

शेऱ्याचा रकाना ठेवायला माझी हरकत नाही. फक्त तो अर्ध्या इंचाचा आखावा. वारा एक इंचाचा असतो, मावणार नाही.